तलावाकाठच्या त्रेचाळीस खुंट्या

१२ मार्च १९७८
आखणी संपली! सात गावं जोडणारी सायकल-वाट, थेट साकोलीच्या हायस्कूलपर्यंत. रोजगार हमीचं काम. आमच्या गावाचा तुकडा मी स्वतः दोरी लावून आखला — तलावाच्या खालून, धानाच्या बांध्यांमधून, सुतासारखा सरळ. त्रेचाळीस खुंट्या, टोकांना चुना. माझी सत्यवती सातवी झाली की याच वाटेने जाणार. बायकोचा, सुलोचनाचा, एकच धोशा — "पोरीले सायकल घेऊन देल्ली, आता वाट द्या." देतो की, बाई!

२ एप्रिल
पंधरा दिवस पलीकडच्या गावांत मोजणी करून परतलो आणि डोकंच फिरलं! वाट मध्येच तलावाच्या पाळीकडे, त्या उंच बांधाकडे, वळलेली. मुकादम तेजराम म्हणतो, "खुंट्या होत्या तिथंच माती टाकली, साहेब." खुंट्या होत्याच तिथे. आणि त्यांच्यावर मासेमारीची जाळी वाळत घातलेली!

तरातरा ढिवर टोलीत, मासेमारांच्या वस्तीत, गेलो. म्हातारी बायाबाई जाळं विणत होती. मान वर केली नाही.
"मीच सरकवल्या. तुमच्या वाटेतून मासा चढते."
"वाट सायकलींसाठी आहे, बाई. माशांसाठी नाही!"
माझ्यामागून आलेले मजूर हसले. मीही हसलो.

९ एप्रिल
वीस तारखेला मोठे साहेब तपासणीला येणार. वाकडं दिसलं तर पुढच्या गावांचंही काम थांबवतील. पुन्हा दोरी लावली, खुंट्या सरळ रेषेत आणून माती टाकून घेतली. रात्री झोप नाही. वाकड्या जागची माती मोडायला वेळ नाही, ती तशीच सोडली.

२० एप्रिल
साहेब खूश! "ओव्हरसियर असावा तर असा." छाती फुगली, खोटं कशाला बोलू.
खुंट्या उपटून टाकल्या. बायाबाई म्हणाली, "मले द्या, जाळे सुकवाले होतीन." "ने," म्हटलं.

२६ जून
सत्यवती निघाली! मागे कॅरिअरवर बायाबाईची नात जिजा — टोलीतली हायस्कुलात जाणारी पहिली पोर. बायाबाई सोडायला आली होती. मला म्हणाली, "पानी चढलं तं पोरीयले पाळीकडून आना जी." मी नुसती मान हलवली. हिचं तुणतुणं काही थांबत नाही.

१८ जुलै, दुपारी तीन
कालपासून पाऊस धरून आहे. तलाव ओसंडला. सांडव्याचं सगळं पाणी बांध्यांतून, माझ्या वाटेवरून धावतंय. वाट दिसतच नाही!
मासा चढतो म्हणजे काय, ते आता डोक्यात शिरलं. पावसाळ्यात मासा वाहत्या पाण्यातूनच वर चढतो, मूर्खा! तिने पाण्याचा रस्ता सांगितला आणि मी हसलो. आखणी केली मार्चमध्ये, कोरड्या ठणठणीत जमिनीवर.
पाचला शाळा सुटते. पोरी सरळ वाटेनेच येतील — मीच शिकवलंय सत्यवतीला, वाट सोडायची नाही. तेजराम दोर आणायला गेलाय. अजून येत का नाही? देवा, पोरींना सांभाळ.

१८ जुलै, दिवेलागण
आल्या. दोघीही. सायकल वाहून गेली, जाऊ दे.
पाळीजवळच्या त्या वाकड्या मातीवर, गुडघाभर पाण्यात, खुंट्या रोवलेल्या होत्या. खुंटीपासून खुंटीला जाळं ताणलेलं. ते धरून पोरी आल्या, आणि पुढे म्हातारी. मी मोजल्या. त्रेचाळीस.
सुलोचनाने तिला चहा दिला. बायाबाईने दोन घोट घेतले आणि मला विचारलं, "खुंट्या वापस करा लागतीन का जी?"
माझी मान वर झाली नाही.