एकविसावा फॉर्म

१२ सप्टेंबर २०११, सोमवार

विदर्नसीत येऊन आज आठवा दिवस, आणि मला हे गाव चक्क आवडलंय! आईला वृद्धाश्रमात नोकरी लागली म्हणून लीड्स सोडावं लागलं, तेव्हा मी तीन दिवस तोंड फुगवून होते. आता खिडकीतून समुद्र दिसतो, खाली मिस्टर बील यांचं मासे-चिप्सचं दुकान आहे, आणि माझ्या सगळ्या कपड्यांना व्हिनेगरचा वास येतो.

कॉलेजात मीडियाच्या वर्गात आम्ही तेवीस जण. हेबलव्हाइट मिसनी मला कोर्टनी आणि एलिस नावाच्या मुलाच्या गटात घातलं. वर्षभराचं काम म्हणजे थरारपटाचा दोन मिनिटांचा ट्रेलर. सिनेमा करायचाच नाही, नुसता ट्रेलर. शिवाय कामाची रोजनिशी ठेवायची, तिलाही गुण आहेत. मिससाठी वेगळी वही केलीय, ही माझी. कोर्टनीने पहिल्याच दिवशी अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "काय गं ब्रायनी, लीड्समध्ये हसायला बंदी आहे का?" झाली मैत्री.

२६ सप्टेंबर

कथा ठरली. हंगाम संपलेल्या कॅरव्हॅन पार्कात, म्हणजे सुट्टीला येणाऱ्यांच्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, एकटी मुलगी, आणि बाहेरून कोणीतरी तिला बघतंय. मुलगी अर्थात कोर्टनी. तिचे तांबडे केस पडद्यावर झकास दिसतात. कॅमेरा एलिसकडे. माझ्याकडे प्रेक्षक, म्हणजे ट्रेलर कोणासाठी ते ठरवायचं.

'वयोगट पंधरा ते पंचवीस' असं लिहून नेलं, तर मिसनी कागद परत केला. तिकीट वयोगट काढत नाही, माणूस काढतो, म्हणाल्या. एक माणूस तयार कर, त्याला नाव दे, तो काय खातो-पितो, त्याला सिनेमाकडून काय हवंय ते लिही. बाकीचे मासिकांतली चित्रं कापून तक्त्यावर चिकटवत होते. मला मेलीला काहीतरी वेगळं करायचं होतं! चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक फोटो मिळाला. कॅरव्हॅनशेजारी निळं जाकीट घातलेला तरुण, पाठमोरा. तोच लावला. नाव नील, वय बावीस, एकटा राहतो, चहात तीन चमचे साखर, मागच्या रांगेत बसतो. 'सिनेमाकडून काय हवं?' या चौकटीत लिहिलं: मुलीने एकदा त्याच्याकडे बघावं.

मिस खूश. इतका जिवंत प्रेक्षक आजवर कोणी केला नव्हता म्हणाल्या. मी दिवसभर हवेत.

१७ ऑक्टोबर

पहिला ट्रेलर वर्गाला दाखवला. आम्ही तिघं सोडून वीस प्रेक्षक, एलिसने अभिप्रायाचे मोजून वीस फॉर्म वाटले. परत आले एकवीस. जास्तीचा पेन्सिलीने भरलेला, अक्षर बारीक आणि डावीकडे झुकलेलं. वय बावीस. 'काय आवडलं नाही?' याखाली लिहिलं होतं: ती माझ्याकडे बघत नाही.

एलिस म्हणाला, "ब्रायनी, पुरे आता तुझा नाटकीपणा." मी आईची शपथ घेतली. मग आम्ही तिघंही हसत सुटलो. सूचना मात्र चांगली होती, आणि प्रेक्षकांचं ऐकून बदल केला की गुण वाढतात. शेवटच्या दृश्यात कोर्टनीने कॅमेऱ्यात बघायचं, असं ठरलं.

७ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा दाखवला. वीस वाटले, एकवीस आले. जास्तीच्या फॉर्मवर लिहिलंय: ती कॅमेऱ्याकडे बघते. माझ्याकडे नाही.

या वेळी कोणी हसलं नाही. शनिवारी भर दुपारी शूटिंग करताना कॅरव्हॅनच्या टेबलावर चहाचा कप होता. गरम. आमच्यापैकी कोणी चहा केला नव्हता. कोर्टनी म्हणाली, मला नाही करायचं आता, दुसरी कोणी बघा. मी तिला गळ घातली. एकच दृश्य उरलंय, तुझ्याशिवाय सगळं मुसळ केरात जाईल, असं काय काय बोलले. ती माझ्याखातर तयार झाली.

हे मिसच्या वहीत लिहिलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

तक्त्यावरच्या फोटोत आता फक्त कॅरव्हॅन आहे. कॅरव्हॅन आणि गवत. एलिस म्हणतो फोटो आधीपासून तसाच होता. पण त्याने डोळे चुकवले.

फोटो खाली मिस्टर बीलना दाखवला. त्यांनी हात पुसले आणि फोटो उजेडात धरला. मग म्हणाले, ही कड्यावरची रांग, कडा ढासळून केव्हाच समुद्रात गेली. शेवटच्या कॅरव्हॅनमधला पोरगा बायकांच्या खिडक्यांशी उभा राहायचा. नुसता उभा. कोणी त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. कॅरव्हॅन खडकांत सापडली, तो सापडला नाही. "कुठून आणलास गं हा? नेऊन टाक बाई."

त्याचं खरं नाव त्यांना आठवलं नाही. मी त्याला नवं दिलंय.

२१ नोव्हेंबर

शेवटचा ट्रेलर दाखवला. एकविसावा फॉर्म: ट्रेलर आवडला. आता पूर्ण सिनेमा.

मिसनी वाचून टाळी वाजवली. ट्रेलर जमल्याची खूण हीच, म्हणाल्या. प्रेक्षकाला पुढचं बघावंसं वाटलं पाहिजे.

पण पुढचं काही नाहीच. आम्ही दोनच मिनिटं केली आहेत.

२२ नोव्हेंबर

कोर्टनी आली नाही. रात्री घरीही नव्हती.

२४ नोव्हेंबर

पोलीस येऊन गेले. पार्कातल्या सगळ्या कॅरव्हॅन उघडून पाहिल्या, रिकाम्या.

ट्रेलर दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा झालाय. शेवटी कोर्टनी कॅरव्हॅनमध्ये बसलीय, गेल्या शनिवारी घेतलेल्या हिरव्या कोटात. दोन्ही हातांनी डोळे झाकून. हे आम्ही काढलेलं नाही. पोलिसांसमोर लावला तर बरोबर दोन मिनिटं.

एलिसने फाइल पुसली. सकाळी ती परत होती.

२८ नोव्हेंबर

सहा मिनिटं. ती अजून डोळे झाकून आहे. हात थरथरताहेत. तिला भूक लागली असेल, थंडी— मी तिला गळ घातली होती. मीच.

तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कोर्टनी नको. तिला सोड.

२९ नोव्हेंबर

दप्तरात फॉर्म. पेन्सिलीने दोनच शब्द. मग कोण?

खाली नावासाठी रेघ.

३० नोव्हेंबर

नाही लिहिलं. मी भित्री आहे. आज तिचा एक हात खाली पडला. दुसरा—

लिहिलं. ब्रायनी.

१ डिसेंबर

सापडली! कड्यावरून चालत आली, जिवंत आहे. मी दवाखान्यात रडले. तिला मला भेटायचं नाही. तिच्या आईने तिचा निरोप दिला: मागे वळू नकोस म्हणावं, काहीही झालं तरी.

२ डिसेंबर

दुपारचे चार. एडिटिंगची खोली. बाहेर अंधारलंय. एलिस मिसना बोलवायला गेलाय, अजून नाही—

फाइल आपोआप सुरू झाली. कोर्टनी नाही त्यात. एक मुलगी आहे, पाठमोरी, टेबलावर वाकून लिहितेय. माझा स्वेटर.

व्हिनेगरचा नाही, ओल्या जाकिटाचा वास येतोय.

मी वळणार नाही. लिहीत राहीन. लिहिताना मान खालीच असते. आई सहाला सुटते. सहापर्यंत लिहीन—

मानेवर गार—

मी वळले नाहीये. मी वहीकडेच बघतेय. पण पडद्यावरची ती लिहायची थांबलीय, आणि हळूहळू मान व