हो म्हणायचा नियम

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नातेवाइकांना सोबत घेऊन काळजीची पद्धत ठरवायची, हे माझं काम. आईलाही इथेच खाट मिळाली, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. सिस्टर कडक आहेत, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा पाजला. आईने ओळखलं नाही. केस मात्र विंचरू दिले. तेवढ्यावर मी खूश.

५ तारीख
पहिली बैठक. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. डॉक्टर गप्प, घरचेच बोलत होते. वॉर्डातल्या मास्तरांची बायको, जिला सगळे काकू म्हणतात, म्हणाली की भ्रमातल्या माणसाशी हुज्जत घालू नये, म्हणेल त्याला हो म्हणावं. सगळ्यांना पटलं. इथे कुणी 'नाही' म्हणायचं नाही, असा नियम झाला. मीच तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. दुपारपर्यंत आरडाओरडा थांबला, बांधलेले हात सुटले.

९ तारीख
मास्तरांना खाटेपाशी पाहुणा दिसला. भिजलेले बूट, हातात टोपी. चला म्हणतो. काकू म्हणाल्या, हो, या जाऊन. दुपारी मास्तर गेले. वय झालंच होतं.

१२ तारीख
ड्रायव्हरकाकांनाही पाहुणा दिसला. तेच बूट, तीच टोपी. त्यांची खाट पार दुसऱ्या टोकाला, मास्तरांशी कधी बोलणंही नाही. सून हो म्हणाली. संध्याकाळी खाट रिकामी. सिस्टरना सांगितलं. वाघ म्हणा नाहीतर वाघोबा, खायचा तो खातोच, म्हणाल्या.

१४ तारीख
आणखी दोघे गेले. भिंतीवरचा कागद फाडला, पाहुण्याला हो म्हणू नका म्हणून पाया पडले, कुणी ऐकत नाही. मीच लावलेला नियम मला ऐकवतात. काकू अजून येतात, नव्यांना शिकवायला. आमचे किती शांत गेले, म्हणतात.

१५
आईने विचारलं, हे ओले बूट कुणाचे — मी म्हटलं, इथे कुणी नाही. आईने सलाईन उपटलं. किंचाळत राहिली. तरी मी नाहीच म्हणत होते. सगळे माझ्याकडे कसायाकडे बघावं तसे बघत होते.

१६
भेटीची वेळ. सगळे आईच्या खाटेभोवती जमलेत. मी खाट सोडलेली नाही. इथेच बसून लिहितेय.

आईने ओळखलं मला. बाळ म्हणाली. किती महिन्यांनी. मी रडले.

मग पायथ्याकडे बघून म्हणाली, "मला एकटीला करमायचं नाही. हिलाही घे म्हटलं त्याला. चालेल ना?"

मी ओरडले, नाही. काकूंनी आईचा हात हातात घेतला, मायेने. मग सगळेच म्हणाले, हो. हो, आजी.

मी नाही म्हणतेय. कुणी ऐका ना — काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवतायत, शांत हो म्हणतायत, मी नाही म्हणतेय, ना