परतीचं पाणी

१४ एप्रिल १९५८

रांजण बसला! फाट्यावरच्या निंबाखाली, वाळूच्या ओट्यावर. तोंडाला ओलं फडकं, पितळेचा गिलास साखळीनं बांधलेला. आत्याबाईंनी – माझ्या सासूनं – हात जोडून त्रिशरण म्हटलं आणि पहिला गिलास स्वतः प्यायल्या. मग मी. काय गार पाणी!

जयंतीचा दिवस म्हणून मुद्दाम आजचा धरला. आमच्या विहिरीवरून घागरी मी वाहिल्या. मान अवघडली आहे, पण झोप येत नाही इतका आनंद!

त्यांची एकच अट. ओगराळं ठेवायचं नाही. लांब दांड्याच्या पळीनं वरच्यानं ओतायचं आणि खालच्यानं ओंजळ धरायची – ते इथं नाही. "माहा जलम ओंजळ धरन्यात गेला. इथं कोनी कोनाले वरून ओतनार नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्याव."

१६ एप्रिल

अकोल्याकडची मोटर थांबते, माणसं उतरतात, रांजण पाहून पुढं येतात, मग विचारतात – "पानी कोनाचं हाय?"

आत्याबाई म्हणतात, "रांजनाचं."

मला हसू आवरेना. पण विचारणारे समजायचे ते समजतात. ओठ चाटत परत मोटरीत बसतात. एक दाढीवाला बैलांचा व्यापारी मात्र पोटभर प्यायला, तोंडावर पाणी मारलं. "अल्ला भला करे, अम्मा!" आत्याबाईंनी दिवसभर तेच घोळवलं.

२० एप्रिल

आज विचारलंच. गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही – मग हे कशासाठी?

म्हणाल्या, "माहा देवराव तहानेला गेला नाही. कोनी तरी त्याले पानी देलं असन. त्याचं परत करून राहिलो आपून."

मी घागर उचलून निघाले. येत्या मे महिन्यात ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. मूर्तिजापुराहून भर दुपारी पायी येत होते. फाट्याच्या पुढच्या बाभळीखाली सापडले. ऊन लागलं. ओठ फुटून रक्त आलेलं – मी माझ्या पदरानं पुसलं, मला माहीत आहे. तेव्हा आमच्या माणसाला या रस्त्यावर पाणी कोण देणार होतं?

उपरण्यात नवी पाटी गुंडाळलेली होती. माझ्यासाठी. त्याच पाटीवर शेजारच्या मुलीचं पहिलीचं पुस्तक समोर ठेवून मी एकटीनं अक्षरं गिरवली. आता पेपर वाचते, पुस्तकं वाचते. वाचायला कुठंही अडत नाही. पण डोळे मिटले की ते ओठ.

आत्याबाईंचा विश्वास आहे. असू दे. मला जमत नाही.

२५ एप्रिल

वामनराव आले! रस्त्यापलीकडचं घर, ओटा, विहीर, मागची सगळी काळी वावरं त्यांची.

आत्याबाईंना म्हणाले, "चतुरा, काम चांगलं काढलं. पन दुसरा रांजन ठेव. एक तुमचा, एक आमचा. टिनाचं छप्पर मी टाकून देतो."

"रांजन एकच राहीन, वामनराव."

वामनराव! जन्मभर 'मालक' म्हणत आल्या. माझ्या डोक्यावरची घागर हिंदकळली.

"आन् कोनी नाही पेलं तं?"

"तं सांजेले निंबाले टाकू. निंब काही इचारत नाही."

ते गेल्यावर त्या मटकन खाली बसल्या. मी पाणी दिलं तर म्हणतात, "मले नोको देऊ, मी घेतो."

२९ एप्रिल

समोर दुसरी पाणपोई! वाळ्याचा पडदा, नवे माठ आणि वामनरावांचा गडी नत्थुजी ओगराळं घेऊन उभा. मोटर आली की ओरडतो, "या, इकडं या! वाळ्याचं पानी!"

मी चिडले. आत्याबाई खूश! "चांगलं झालं. तेवढ्याच लोकायले जास्त पानी." मग त्यालाच हाक मारली, "नत्थुजी, बोंबलून बोंबलून घसा सुकला असन तुहा. ये, घोटभर पेऊन जाय."

त्यानं वामनरावांच्या ओट्याकडे पाहिलं. "आलो असतो माय, पन थे बसून हायेत ना तिथं!"

ओट्यावरचे सुद्धा हसले की काय, असं वाटलं. नसतीलही.

३ मे

वैशाख पौर्णिमा. आज रांजण दोनदा भरला! मोटरीचं चाक बसलं, ऐन बाराला. ड्रायव्हर आधी नत्थुजीकडे ओंजळीनं प्यायला, मनगटावरून निम्मं सांडलं. मग आमच्याकडे येऊन गिलास बुडवला. म्हणाला, "आपल्या हातानं पेलं का पोट भरते." त्याच्या मागं एक आला, मग एक बाई, मग रांगच! कोण कोणाचा, कुणीच विचारलं नाही. मी विहिरीवर पळत गेले, पळत आले.

चार वाजता, वामनराव अकोल्याला गेलेले पाहून, त्यांची सून वच्छला आली. डोक्यावरून पदर, माझ्याच वयाची असेल. हळूच विचारलं, "हे कावून करता, माय?"

आत्याबाईंनी तिलाही तेच सांगितलं. माहा लेक देवराव. ऊन. कोनी तरी पानी देलं असन त्याले.

वच्छलाचा चेहरा एकदम उतरला. गिलास हातात घेतला होता, तो तसाच ठेवून निघून गेली. बाटण्याचं भय असेल. आत्याबाई म्हणाल्या, "तहान लागन तवा येईन."

११ मे

आमची विहीर आटली. बादली टाकली की चिखल वर येतो.

आत्याबाईंनी गिलास राखेनं घासला, रिकाम्या रांजणावर फडकं टाकलं आणि शेजारी बसून राहिल्या. येणाऱ्याला स्वतःच सांगत होत्या, "तिकडं जा बापा, तिकडं पानी हाय." दुपारी मोटरीतून आमचीच माणसं उतरली, पोरंबाळं घेऊन. तीही तिकडे गेली. नत्थुजीनं ओगराळं उंच धरलं. त्यांनी खाली वाकून ओंजळी केल्या.

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. ह्यांच्या वेळी रडल्या होत्या, त्यानंतर आज.

१२ मे

काय लिहू, कुठून लिहू!

भर दुपार. मोटर उभी, दोन्हीकडे माणसं. आणि वच्छला डोक्यावर भरली घागर घेऊन घरातून निघाली, सरळ रस्त्यावर. ओट्यावरून वामनराव ओरडले, "वच्छला! कुठं?"

"पानी टाकून येतो."

थांबली नाही! आमच्या रांजणात घागर उपडी केली. मग गिलास बुडवला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायली. पदरानं तोंड पुसलं. परत घागर भरायला निघाली.

नत्थुजीनं ओगराळं खाली ठेवलं. मालकाकडे पाहिलं नाही या वेळी. बादल्या उचलल्या आणि तिच्या मागं!

वामनराव उभे. तोंड लाल, मोटरभर माणसं त्यांच्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता रांजण फुटतो. आणि ओरडले ते काय – "नत्थ्या, बादलीनं कवालोक भरशीन बे? खासरं जुप! पिंप टाक त्याच्यावर!"

नत्थुजी बैलगाडी जुंपायला पळाला आणि मोटरीतली माणसं हसली. मी रडत होते की हसत होते, कळत नव्हतं. आत्याबाई मात्र अशा बसलेल्या, जणू हे सगळं काल ठरलेलंच होतं.

संध्याकाळी वामनराव रांजणापाशी येऊन उभे राहिले. प्यायले नाहीत. म्हणाले, "झाकन पायजे याले. धूळ जाते. चतुराबाई, लाकडाचं करून देतो."

चतुराबाई!

१३ मे

वच्छला आली. मला बाजूला नेऊन म्हणाली, "त्यायले पानी मी देलं होतं. सासू निजली होती, हे वावरात. त्यायनं ओंजळ धरली. मी म्हटलं, हातात घ्या तांब्या. पोटभर पेले. काखेत पाटी होती. कोनासाठी, इचारलं. तं हासले – बायकोले शिकाचं हाय, म्हने. मंग निंगाले. सांजेले आयकलं, गेले. उनातून आल्या आल्या देलेल्या माह्या गार पान्यानंच गेले का काय, या भेवानं बोललो नाही, बाई."

मी तिचे दोन्ही हात धरून बसले.

मग आत्याबाईंना सांगायला धावले. त्या रांजण पुसत होत्या. पाहिलं आणि थांबले. त्यांना काय सांगायचं? त्यांना ते कधीचंच ठाऊक होतं; माहीत नव्हतं ते मलाच.