ऐंशीव्या काठीची हकीकत

हासेलब्रोन, ४ ऑक्टोबर १८५८

तीर्थस्वरूप वाल्बुर्गाताईस, धाकट्या लेबेरेश्टचा नमस्कार.

तुझी दाढ ठणकायची थांबली असेल, भाऊजींचा अंगठा (उजव्या पायाचा, संधिवाताचा) बुटात जात असेल आणि गिरणीला पाणी पुरत असेल, असं धरून चालतो. इकडे ओटीली ठीक आहे, मीही ठीक आहे. फक्त आम्ही नवराबायको सध्या एका गावात राहत नाही. घाबरू नकोस, एकाच घरात राहतो.

त्याचं असं झालं. सात वर्षांनी येणारी शिवेची फेरी यंदा आली. तुला ठाऊकच आहे, सगळं गाव नगाऱ्यामागून शिवेवरून हिंडतं आणि दर दगडावर एकेका नव्या नागरिकाचं बूड तीनदा आपटतं, म्हणजे हद्द त्याच्या जन्मभर लक्षात राहते. तुमच्या क्विर्नाउकडचा दगड मात्र आजोबांच्या काळी पुरात गेला. तेव्हापासून दोन्ही गावं अंदाजाने नासपतीच्या झाडाखाली थांबून बियर पितात. मला अंदाज खपत नाही. मी जीनगर माणूस. खोगीर अर्धं बोट चुकलं तर घोड्याची पाठ सोलते. शिवाय भूमापनाचं पुस्तक मी गुरूशिवाय दोनदा वाचलंय (आकृत्यांसह). शिवेच्या जुन्या सनदेत स्वच्छ लिहिलंय : ‘चर्चच्या दारापासून ओढ्याकडे ऐंशी काठ्या.’ म्हणून नगराध्यक्षाच्या अधिकारात मी नगरभवनाच्या भिंतीवरच्या, गावच्या अधिकृत मापाच्या लोखंडी काठीबरहुकूम साखळी करवून घेतली आणि स्वतः मोजायला लागलो.

एकोणऐंशी काठ्यांपर्यंत सगळे माझं कौतुक करत होते. ऐंशीवी माझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली.

“अहो, ती साखळी माझ्या सूपच्या पातेल्यात बुडतेय!” ओटीली ओरडली. मी साखळी वर उचलली, पण ढिली सोडली नाही. ती थांबली थेट झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर. आमचे नगरसचिव कुंकेल वाकून बघत म्हणाले, “साहेब, इथून पुढे क्विर्नाउ.” एवढ्यावर भागलं असतं, पण बाल्झर लोहाराने खिडकीतून मुंडकं घातलं. “मग साहेब निजतात कुठल्या गावात?”

माणूस निजतो तिथला रहिवासी, आणि परगावचा रहिवासी नगराध्यक्ष होऊ शकत नाही. (हा नियम तीन वर्षांपूर्वी मीच सुवाच्य अक्षरांत लिहिला. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे करायला जागा नाही.) त्यातून घरात नवा नागरिक कोणी नव्हता, म्हणून लोकांनी मलाच उचलून उंबऱ्यावर तीनदा आपटलं. चौथ्यांदा कशासाठी, ते बाल्झरने सांगितलं नाही.

आता ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, हंस कापायच्या आधी, सभा माझा निकाल लावणार. बारा वर्षं या गावातल्या प्रत्येक कंदिलाची वात मी मोजून कापून घेतलीय, ताई. बाल्झर खुर्चीवर बसला तर अंदाजाने कापतील. म्हणून मी तूर्त चुलीजवळच्या बाकावर निजतो. ओटीलीलाही इकडे ये म्हटलं, तर म्हणाली, “तेवीस वर्षं मी या खोलीत निजतेय. तुम्ही तुमच्या गावात निजा, मी माझ्या. रविवारी भेटायला या, पाय पुसून.” (तिचं घोरणं भिंतीपलीकडून नीट ऐकू येत नाही आणि मला झोप लागत नाही. हे तिला कळवू नकोस.)

तरी मोजमाप मी मागे घेणार नाही. मोजलं ते मोजलं.

तुझा,
लेबेरेश्ट क्युम्पेल
नगराध्यक्ष (११ नोव्हेंबरपर्यंत तरी)

ता. क. सनदेत ‘काठी’ म्हटलंय, कोणत्या गावची ते म्हटलेलं नाही! आणि खाली सही तुमच्या क्विर्नाउच्या कारकुनाची आहे. तुमची लोखंडी काठी तुझ्या दारासमोरच नगरभवनाच्या भिंतीला ठोकलेली आहे. ती आमच्याहून अडीच बोटं लांब निघाली, तर ऐंशी काठ्यांत साडेबारा फूट होतात, म्हणजे माझा पलंग ओटीलीसकट हासेलब्रोनमध्ये येतो. मी मोजायला आलो तर तुमचं सगळं गाव हसेल. तू बाजाराला जाता जाता त्या काठीला दोरा लाव, दोन्ही टोकांना गाठी मार आणि पाकिटात घालून पाठव.

आणखी एक. सुती दोरा नको, लोकरीचा घे. गाठी मारताना सैल धर. इथे कुंकेलसमोर ताणायचं मी बघतो.