ऑरिन बेट आणि निशातगंजचे घर

नमो बुद्धाय.

मी, लीलावती पंढरीनाथ रामटेके, वय वर्षे अठ्ठावन्न, मूळ राहणार उमरेड, जिल्हा नागपूर, आणि गेली पस्तीस वर्षे राहणार निशातगंज, लखनौ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण डॉक्टरांचे म्हणणे घरी सांगताना मी एकदा फार मोठी चूक केलेली आहे, म्हणून या वेळी जे आहे ते कागदावर लिहून ठेवते. वकील हिंदीत लिहा म्हणत होते. मिळकतीपुरते हिंदी भाषांतर त्यांनी सोबत जोडावे. बाकीचे मला मराठीतच सांगता येते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे पती पंढरीनाथ, टेलिफोन खात्यातले, २००८ साली वारले. आम्हाला एकच मूल, मुलगी मुक्ता, वय सव्वीस. ती चिनहटच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. माझी वारस तीच.

कलम २. निशातगंजचे दोन खोल्यांचे घर, जे पतींच्या मागे माझ्या नावावर झाले, ते संपूर्ण मुक्ताचे. तिने त्यात राहावे किंवा ते विकून कारखान्याजवळ घर घ्यावे. केवळ आईची आठवण म्हणून ते धरून बसू नये. जिना अरुंद आहे आणि उन्हाळ्यात पाणी वर चढत नाही.

माझे मोठे दीर भाऊराव यांचा या घरावर कसलाही हक्क नाही. त्यांना लोखंडी घडीची खुर्ची द्यावी. २००१ च्या नोव्हेंबरात ते उमरेडहून अंथरुणाला खिळलेल्या मुक्ताला बघायला आले. या खुर्चीवर बसून, मुलीपासून दोन हातांवर, ते म्हणाले, "पंढरी, ही पोरगी आता अशीच राहणार. नात्यातला एखादा मुलगा दत्तक घे." मुक्ताने डोळे मिटून घेतले. ती झोपली आहे असे त्यांना वाटले. मला माहीत होते, ती जागी आहे. खुर्ची अजून चांगली मजबूत आहे.

कलम ३. शिलाईचे मशीन खालच्या मजल्यावरच्या नयनाला द्यावे. चौक बाजारातून चिकन भरतकामाचे कुर्ते आणून मी त्यांची शिलाई करत असे, ते काम आता ती करते. तिचे मशीन दोरा तोडते.

कलम ४. माळ्यावरचा जुना संगणक कोणी घेणार नाही. तो चालतही नाही. तरी त्याचे नाव इथे यायला हवे, कारण माझे शिक्षण त्याच्यावर झाले.

मी उमरेडला सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरे ओळखीची होती, शब्द नव्हते. २००१ च्या ऑगस्टमध्ये मुक्ता शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली ती उठलीच नाही. तेरा वर्षांची होती. मणक्याला क्षय झालेला होता आणि पाय गेले होते. हनुवटीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातले. नऊ महिने ती उताणी पडून होती, छताकडे बघत. पहिले दोन महिने आमच्याशी नीट बोललीही नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर देवदत्त लिमये भाऊजी राहतात. तेव्हा ते वनस्पती संशोधनाच्या कामात होते. त्यांनी नवा संगणक घेतला आणि जुना आमच्याकडे आणून ठेवला. "मुलीचं मन रमेल, वहिनी," म्हणाले. त्यात एक खेळ होता, तेव्हाही जुनाच. ऑरिन नावाच्या बेटावर सात घंटा आहेत आणि सगळ्या मुक्या झाल्या आहेत. ईडा नावाची घंटा दुरुस्त करणारी बाई होडीतून तिथे येते. लोकांशी बोलायचे, वस्तू गोळा करायच्या, विचार करायचा आणि एकेक घंटा वाजती करायची. मारामारी नाही, घड्याळ नाही, हरणे नाही.

भाऊजींनी मोठ्या मनाने दिला, पण मुक्ताला मान वळवता येत नव्हती. पडदा दिसणार कसा? आरसा धरून बघितला तर अक्षरे उलटी दिसली आणि तिचे डोके दुखले. शेवटी मी माऊस धरला आणि तिला मोठ्याने सांगू लागले. चित्र सांगायची आणि अक्षरे एकेक करून वाचायची.

"के, एन, ओ, टी."

"नॉट. गाँठ. के बोलना नहीं है, आई."

"बोलायचा नाही तर लिहिला कशाला?"

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. प्लास्टरमुळे तिला हसताना दुखायचे, तरी हसली.

असे आम्ही रोज सकाळी स्वयंपाक आटोपल्यावर खेळत होतो. ती शब्द जुळवायची, अर्थ सांगायची, कुठे जायचे ते ठरवायची. मी तिचे हात आणि डोळे होते. संक्रांतीपर्यंत मी अक्षरे सोडून शब्द वाचू लागले, उन्हाळ्यात वाक्ये. २००५ साली मी मुक्त विद्यालयातून दहावी झाले आणि पुढे एका शाळेच्या ग्रंथालयात सात वर्षे काम केले. माझ्या इंग्रजीत अजूनही बेटावरचे शब्द जास्त आहेत. नांगर, दोरखंड, भरती, ओहोटी मला चटकन येतात, पण बँकेतला फॉर्म भरताना अडते.

पाचवी घंटा वाजेपर्यंत मुक्ताचे प्लास्टर निघाले. ती चालायला शिकू लागली, संगणक बिघडला आणि खेळ तिथेच राहिला.

कलम ५. इंग्रजी-मराठी शब्दकोश वीणा वहिनींना, म्हणजे लिमये भाऊजींच्या पत्नींना, परत करावा. तो त्यांचाच आहे. तेरा वर्षे झाली, त्यांनी एकदाही मागितला नाही.

कलम ६. दोन पडद्यांचा, डबीसारखा उघडणारा हातात धरून खेळायचा कन्सोल आणि त्यातला ऑरिनचा खेळ मुक्ताला द्यावा.

२०१२ च्या सप्टेंबरात मुक्ता कारखान्यातून आली आणि स्वयंपाकघरात माझ्या हातात खोके ठेवले. "आई, आपलं ऑरिन. नया बनाया है उन्होंने." खेळ पुन्हा नव्याने काढला होता, सगळी चित्रे नव्याने रंगवून. ती कामावर गेली की मी खिडकीत बसून खेळायची. तीन आठवडे मी दुसरे काही केले नाही, वरण दोनदा करपले.

ज्यांनी हे काम केले त्यांना मी ओळखत नाही, पण त्यांच्याबद्दल मला मृत्युपत्रात लिहायचे आहे. जुन्या खेळात समुद्र म्हणजे निळी पट्टी होती. आता धक्क्याच्या खांबांना शेवाळ आहे आणि ओहोटी लागली की ते उघडे पडते. बेटावरची नावाडीण बोलता बोलता दोरी आवळते. ती गाठ खरी आहे, मी दोरा घेऊन करून बघितली. इतके सगळे बदलले, पण तिच्या तोंडची वाक्ये त्यांनी शब्दाला शब्द तशीच ठेवली. कोणाला ती एकेक अक्षर लावून पाठ झाली असतील, हे त्यांना कुठून कळणार? तरी त्यांनी हात लावला नाही. आणि मी तेव्हा किती गाळले होते तेही कळले. घंटाघराच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे लांब होते, म्हणून मी मुक्ताला "तो नुसता बसलाय" असे सांगितले होते. त्याचा मुलगा समुद्रात बुडून गेलेला होता. मी खेळ बंद केला आणि त्या माणसाकडे त्याचे दहा वर्षांपूर्वी मी गाळलेले बोलणे ऐकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

कलम ७. हे कलम मिळकतीचे नाही.

एका रविवारी दुपारी जेवणानंतर मुक्ताने कन्सोल घेतला. आरशातली ती उलटी अक्षरे सोडली तर तिने ऑरिन कधीच डोळ्यांनी पाहिले नव्हते. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, भुऱ्या कुठंय?"

भुऱ्या म्हणजे ईडाच्या मागे मागे फिरणारा कुत्रा. मी म्हटले, "नव्यात काढून टाकला असेल."

तिला राग आला. तिने खेळ बनवणाऱ्यांना पत्र पाठवले, की कुत्रा काढून तुम्ही चूक केलीत. आठवड्याने त्यांचे उत्तर आले. त्यांनी जुनी चित्रे काढणाऱ्या माणसालाही विचारले होते. ऑरिनवर कुत्रा कधीच नव्हता, आणि तो असता तर आम्हालाही आवडले असते, असे त्यांनी लिहिले होते. अनोळखी मुलीला इतक्या आदराने कोण उत्तर देते?

मुक्ता पत्र वाचून माझ्यासमोर बसली.

"आई, तूने बनाया था?"

"हो."

"का?"

"तू पुन्हा बोलेनाशी झाली होतीस. शब्द कळत नव्हते तिथं मी काहीतरी सांगायची. कुत्रा आला की तू विचारायचीस, आता काय करतोय."

"और क्या-क्या बनाया?"

मी सांगितले. धक्क्यावरची पेरूवाली नव्हती. तिसरी घंटा वाजायला दोन आठवडे लागले, मी पहिल्याच दिवशी वाजली म्हटले. आणि शेवटी डॉक्टरांचेही सांगितले.

"डॉक्टर होळीपर्यंत पाय हलतील असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, सांगता येत नाही. होळीचं मी म्हटलं."

मुक्ता हसेल, निदान समजून घेईल, असे मला वाटले होते.

"होळी को पैर नहीं हिले," ती म्हणाली. "मुझे लगा डॉक्टर ने तो बोला था, मतलब मैं ही कुछ गलत कर रही हूँ. दिन भर लेटे-लेटे सोचती थी कि क्या गलती की. मैं तेरह साल की थी, आई."

पाय एप्रिलमध्ये हलले, आधी डावा अंगठा. मधल्या त्या महिन्यात माझी मुलगी स्वतःला दोष देत छताकडे बघत होती, आणि मी शेजारी बसून तिला कुत्र्याच्या गमती सांगत होते. हे मला दहा वर्षांनी कळले. मी तिची माफी मागितली. ती "ठीक है" म्हणाली, पण ठीक नव्हते. चार दिवस ती कामापुरतेच बोलली.

पाचव्या दिवशी कारखान्यातून आल्यावर तिने बूटही काढले नाहीत. "गेम लाओ," म्हणाली. "शुरू से. जो लिखा है वही पढ़ना."

पडदा तिला दिसत होता, तरी तिने मला वाचायला लावले. मी लिहिलेले सगळे वाचले, म्हाताऱ्याचे लांब बोलणेसुद्धा. दर रविवारी असे चालले. २०१३ च्या मार्चमध्ये आम्ही सातव्या घंटेपर्यंत पोचलो. त्या घंटेला आत लोलकच नाही. आम्ही पिशवीतली प्रत्येक वस्तू लावून बघितली. शेवटी मुक्ताने कन्सोल मांडीवर ठेवला आणि आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. काही न करता थांबले की वारा वाढतो आणि घंटा आपोआप वाजते. खेळणारा कधीतरी थकून थांबेल, यावर बनवणाऱ्यांनी भरवसा ठेवला होता.

"ये लोग तुझसे अच्छी कहानी बनाते हैं," मुक्ता म्हणाली.

"खूपच," मी म्हटले. ते मनापासून होते.

कलम ८. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक मुक्ताची. माझे डोळे दान करावेत. त्रिशरण, पंचशील म्हणावे. तेराव्याचे वगैरे काही करू नये. भाऊराव आले तर त्यांना जेवू घालावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लिमये भाऊजींनी करावी. ते सावकाश करतील, पण नीट करतील.

कलम १०. हे सगळे मी काल मुक्ताला वाचून दाखवले. गाळले काही नाही. कलम चारमध्ये प्लास्टरचे मी एक वर्ष लिहिले होते, ते तिने नऊ महिने करायला लावले. मग म्हणाली की एक वाक्य माझेही घाल. मी विचारले, कोणते? तिने सांगितले आणि मी तिच्या शब्दांत लिहिते:

"आई की कहानी से मैं नहीं चली. दवा लगी, और मैंने रोज कसरत की. सच बताती तो भी उतनी ही करती."

हे मला मान्य आहे.

(सही) लीलावती पंढरीनाथ रामटेके

वरील मजकूर लीलावतीबाईंनी आमच्या दोघांच्या देखत वाचला, समजून सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हाला कोणतीही मिळकत मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) हरिहर वासनिक, राहणार निशातगंज, लखनौ
साक्षीदार २: (सही) रुचिरा मेश्राम, राहणार चिनहट, लखनौ

स्थळ: लखनौ
दिनांक: १३ नोव्हेंबर २०१४, गुरुवार