दिल्लीचे दरवाजे आणि वाडीच्या मेणबत्त्या

चि. जनीस,

थोरल्या बहिणीचा जय भीम. (चिरंजीव म्हणायचं वय आपलं दोघींचंही सरलं, पण धाकटीला असंच लिहायची रीत आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे जाताना गुडघे होते, येताना जांभ्याचे चिरे झाले. फोन केला असता, पण मोठ्याने लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि मोठ्याने लावला की अर्धी वाडी ऐकते. रघू उद्याच्या एस्टीने दाभोळला येतोय, त्याच्या हाती हे देते. उत्तरही त्याच्याच हाती दे, नुसता चहा पाजून परत पाठवू नकोस.

तुला ठाऊक आहे, मला दिल्लीत एकच जागा बघायची होती. अलीपूर रोडला बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला ती. नातू प्रज्ञेश तिकडे नोकरीला लागल्यापासून मी त्याच्या मागे लागले होते. जायचं ठरलं तशी वाडीने रीतीप्रमाणे घराघरातून मेणबत्ती आणून दिली. ज्यांचं जाणं होत नाही त्यांची जाणाऱ्याने लावायची. ओळखीसाठी प्रत्येकीने दोरा बांधला, चिमाने तांबडा, करुणाने हिरवा. (बांधावरच्या काजूवरून त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.) दोघींनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन एकच सांगितलं, "काकी, माझी आधी लाव हां." मी दोघींना हो म्हटलं. वाद घालत बसले असते तर गाडी चुकली असती.

तिकडे प्रज्ञेशची बायको रसिका. पोर गुणाची आहे, पण हौस फार. म्हणाली, आज्जी एवढ्या लांब आल्यात तर ऐतिहासिक आणि सांस्कृतिक सगळं दाखवायचं, अलीपूर रोड शेवटी निवांत करू. लाल किल्ल्याच्या दाराशी पोलिसाने पिशवी उघडली आणि असा बघायला लागला, जशी मी किल्ला पेटवायलाच रत्नागिरीहून आलेय. रसिका म्हणाली, पिशवी इथे ठेवायला देऊ. मी म्हटलं, "अख्खी वाडी आहे गो तिच्यात, कोणाच्या हवाली करू?" ती दोघं आत गेली, मी बाहेर भिंत बघत बसले. भिंत चांगली आहे. लांबलचक आहे. म्युझियमला गेलो, तिथे मी बाहेरच्या बाकावर. सव्वीस जानेवारीच्या परेडला पिशवी नेताच येत नाही, म्हणून मी घरीच राहिले. टीव्हीवर बघणार होते, पण रजईत शिरले ती डोळाच लागला. पुढे लष्कराचा बँड ऐकायला नेलं, तिथेही मला दाराबाहेरून ढोल तेवढे कळले. राजधानीत दारं मात्र मोठमोठी आहेत, जने.

आणि थंडी! रसिकाने मायेने माझ्या खाटेशी हीटर लावून दिला. आपल्याला हीटर कशाशी खातात ते काय माहीत? मी पिशवी डोळ्यासमोर असावी म्हणून खाटेलगत ठेवलेली, नेमकी त्याच्या तोंडाशी. सकाळी बघते तर सगळ्या मेणबत्त्यांचा एक गोळा. दोरे आत, वाती बाहेर, फणसाला काटे असावेत तशा. रसिका रडवेली होऊन म्हणाली, नव्या आणते. मी म्हटलं, आण, पण त्या तुझ्या होतील, वाडीच्या नव्हेत.

शेवटी गेलो. तिथे आता घर नाही, उघड्या पुस्तकासारखी मोठी इमारत आहे. (मी शाळेचं तोंड दोनच पावसाळे पाहिलं, पुस्तकाच्या आत शिरायची ही पहिलीच वेळ.) पिशवी प्रज्ञेशने बाहेर धरली. मी सगळं सावकाश बघून आले. रखवालदार म्हणाला, आत पेटवता येणार नाही. बरोबरच आहे, जागा जपायला नको? मग बाहेर फुटपाथच्या कडेला गोळा मांडला आणि काडी लावली. एक वात पेटली, तिने शेजारची धरली, बघता बघता चुलीएवढा जाळ. प्रज्ञेशची पाचावर धारण बसली. पण रखवालदार आला तो ओरडायला नव्हे. हात शेकत उभा राहिला. मग चहावाला आला. मी वंदना म्हटली. झालं. दमले गो.

तुझी थोरली,
येसूबाई

ता. क. रविवारी सगळ्या बाया विहारात जमणार आहेत, माझ्या तोंडून दिल्ली ऐकायला. तू परेड टीव्हीवर बघितलीस ना? पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून धाड. उंट होते का तेही लिही. भिंतीवर मी किती वेळ बोलणार?

ता. क. दुसरा. माझी आधी लावलीस ना, असं चिमाने आल्या आल्या विचारलं, करुणाने सांजेला. दोघींना हो म्हटलं. खोटं ठरवायचं तर त्यांनी आधी एकमेकींना विचारायला हवं.

ता. क. तिसरा. गोळा पुरता जळला नाही. उरला तो रघूकडे दिलाय. लाईट गेली की लाव. त्यात तांबडा कुठे आणि हिरवा कुठे ते शोधू नकोस, मी शोधून दमले.