फुकटचा दाणा

डोंबिवली पूर्व,
गुरुवार

चि. सुदेश यास सहदेवदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाठीत उसण भरली होती ती उतरली का? कलमांना मोहोर कसा आहे हे विचारत नाही; पेटी तू पाठवत नाहीस, मग मोहोर येवो न येवो. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मालन खुशाल आहे आणि मी संतापलेला आहे. फोनच केला असता, पण आमच्या दीड खोलीत कुजबुजलं तरी तुझ्या वहिनीला ओट्यापाशी ऐकू जातं.

तुला ठाऊक आहे, कंपनी बंद पडल्यापासून नाक्यावरच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहितो. गेल्या सोमवारी लिहिलं, ‘फुकटचा दाणा अंगी लागत नाही.’ त्यावरून ज्येष्ठांच्या कट्ट्यावर रविवारी चर्चाच ठेवली: प्रत्येकाच्या पोटापाण्याची हमी सरकारने घ्यावी का? मी विरोधात बोललो, पाऊण तास. (चहा थंड झाला, तो दोष मंडळाचा.) म्हटलं, सरकार म्हणजे काय सासुरवाडी आहे, जाऊन बसावं आणि ताट समोर यावं? माझ्या घरात फुकटचा दाणा शिजलेला नाही, हेही ठणकावलं. मालन पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, त्यावर आमचं चालतं.

टाळ्या कोणी वाजवल्या, सांगू? गणूशेठने. याच्या बापाच्या भातखाचरांवर आता टॉवर उभे आहेत आणि हा वीस वर्षं झोपाळ्यावर बसून भाडं खातोय. उठून म्हणाला, ‘काका बरोबर बोलतान. बसून खायाची सवय लागली का मानूस वाया जातो.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने इकडची काडी तिकडे केली नाही, त्याने माझ्या मुद्द्यावर मान डोलवावी? तेवढ्यात मालनच्या केंद्रातली कांता मागून विचारते, ‘काका, कंपनीला टाळं लागलं, तेव्हा तुम्ही काम करायला तयार नव्हता का?’

मी तयार होतो, सुदेश. डबा घेऊन गेटवर उभा होतो. तीस वर्षं बॉयलर सांभाळला, आणि त्यानंतर मला कोणी वॉचमनची खुर्चीसुद्धा दिली नाही. हे सांगायला तोंड उघडलं आणि तो थंड चहाच घटाघट पिऊन टाकला. पाऊण तास बोललेला माणूस मी. अध्यक्षांनी आभार मानले, मंडळी भेळ खायला गेली. तेव्हापासून नुसता धुमसतोय, आणि राग नक्की कोणाचा येतोय तेच कळत नाही.

तुझा,
सहदेवदादा

ता. क. माळ्यावरच्या ट्रंकेत माझा शाळा सोडल्याचा दाखला असेल, तो पाठव. ज्येष्ठांना सरकार काही मदत देतं, तिच्या अर्जाला वयाचा पुरावा लागतो म्हणतात. मला केवळ अभ्यासासाठी हवा आहे. वहिनीला बोलू नकोस.

ता. क. २. रविवारपासून मी खाली उतरलेलो नाही (गुडघा), फळाही कोराच आहे. पत्र मालनच पेटीत टाकेल. काळजी नसावी, पाकीट भाताच्या शितांनी घट्ट चिकटवलंय.

सुदेशभावोजी, मी मालन. घट्ट चिकटलं नव्हतं. दाखल्यासाठी माळ्यावर चढू नका, पाठ सांभाळा. ह्यांचा अर्ज मी गणपतीतच भरला, आधार कार्डावर काम झालं. सोसायटीची नोटीस समजून ह्यांनीच सही केली. मंजूरही झालाय. आता ह्यांना सांगायचं कसं, तेवढं सुचवा. म्हणजे त्याच बैठकीत दुसरंही सांगून टाकीन. पाकिटाला लावलेली शितं रेशनच्या फुकट तांदळाची आहेत. घरात रोज तोच शिजतो, आणि हे दोनदा मागून घेतात.